हिवरगव्हाणची संयुक्त व्यायामशाळा

४ ऑगस्ट २०२४, नांदेड

मागची नोंद संक्रांतीची निघाली. तिच्यात "आता खंड पडू द्यायचा नाही" असे लिहून खाली रेघ मारली आहे. रेघ सरळ आहे. एवढे दिवस गप्प राहिल्याबद्दल माफी मागतो. कोणाची, ते नक्की सांगता येत नाही, कारण ही वही मीच लिहितो आणि वाचत मीही नाही. लिहिण्याजोगे काही घडत नव्हते. लातूरला एका क्लासवाल्यांचे हॉस्टेल झाले, मग दुसऱ्यांचे. तीन कॉटच्या खोलीत चौथी कॉट कशी बसवावी, यात एका आर्किटेक्टची उमेदीची वर्षे गेली. मला ते पटत नाही. बसवतो मात्र छान.

आता घडले आहे. लोह्याच्या पुढे हिवरगव्हाण म्हणून गाव आहे. तिथले हायस्कूल आणि गाव यांना मिळून एक व्यायामशाळा मंजूर झाली. दोघांनी वापरायची, दोघांनी सांभाळायची. डिझाइन माझ्याकडे. माझ्या हातून पहिल्यांदाच अशी इमारत होणार, जिच्यात कोणी झोपणार नाही, नुसते पळतील.

संकल्प दोन. आधी लोकांचे ऐकायचे, मग काढायचे. आणि जिथे नको तिथे स्पष्ट नाही म्हणायचे. शिल्पाला सांगितले. बायको म्हणून ती कौतुक करील असे वाटले होते. ती म्हणाली, "पहिलं जमतं तुम्हाला."

११ ऑगस्ट

जागा पाहिली. शाळेच्या मैदानाला लागून, रस्त्यावर, बरोबर मारुतीच्या देवळासमोर. सरपंच शेषेराव म्हणाले, गावाने एकमताने हीच जागा काढली. मी म्हणालो, बलोपासनेला याहून चांगला शेजार कोणता? शेषेराव म्हणाले, "तेच की साहेब. पुढं गाड्या लावायला बी मोकळं हाय." स्पर्धांच्या वेळी येणाऱ्या गाड्यांचा विचार त्यांनी आत्ताच केला आहे. दूरदृष्टी.

मग शाळेत रेणुका मॅडम भेटल्या. खेळाच्या शिक्षिका. मुलींची कबड्डीची टीम त्यांनी उभी केली आहे. मैदान पाहिले, मुरमाचे. कप्तान शिवांगी नववीत आहे. तिने कोपर दाखवले. पडल्याच्या खुणा एकीवर एक.

अडचण मुरमाची नाही, असे मॅडम म्हणाल्या. शाळा सुटली की मुली खेळायला उतरतात आणि कंपाउंडच्या भिंतीवर गावातली माणसे येऊन बसतात. काही बोलतात, काही मोबाइल धरतात. आठवीपर्यंत घरचे चालवून घेतात, नववीत बंद. यंदा दोघी बंद झाल्या. शिवांगीचे वडील अजून हो-नाहीवर आहेत.

"सर, मला चार भिंती द्या आणि आतून कडी लागणारं दार द्या," त्या म्हणाल्या. "बाकी तुमचं डिझाइन काय ते तुम्ही करा."

मी शब्द दिला. शिवांगीसमोर दिला.

१२ ऑगस्ट

शब्द इतक्या लवकर द्यायला हवा होता का? पण यात न देण्यासारखे काय होते? कडी तर कडी. वहीत लिहून ठेवतो: इमारत कोणासाठी, हा प्रश्न पडला तर उत्तर शिवांगी.

२२ सप्टेंबर

आजचा दिवस अविस्मरणीय.

प्लॅनचा कागद लोकांना कळत नाही. म्हणून मी खऱ्या मापाने सगळी इमारत जमिनीवर फक्कीने आखली आणि गावाला म्हणालो, चला, आत फिरा. ही पद्धत माझी स्वतःची. अख्खे गाव आले. दाराच्या जागी माणसे चपला काढून आत येत होती. भिंत नव्हती, नुसती पांढरी रेघ होती, पण एकानेही ती ओलांडली नाही.

बचत गटाच्या अध्यक्ष केवळाबाई बायकांना घेऊन आत गेल्या. आणि काय सांगावे, कोणी न सांगता बाया ओळीने खाली बसल्या. पाठीला पाठ लावून दोन ओळी, मधे एक माणूस वाकून सहज चालत जाईल एवढी वाट, परत दोन ओळी. जागेची इतकी उपजत जाण मी कॉलेजात पाहिली नव्हती. केवळाबाई उभ्या राहून ओरडल्या, "दोनशे बसत्यात वो शेषेरावभाऊ! दाटीनं अडीचशे!" टाळ्या पडल्या. प्रेक्षकांच्या क्षमतेची एवढी आस्था ग्रामीण भागात असेल असे वाटले नव्हते.

मग चेंजिंग रूम. मुलींची एक, मुलांची एक, दोन्ही सारख्या. एका म्हाताऱ्याने दोन्ही पावलांनी मोजल्या आणि म्हणाला, "सारख्या कामून केल्या? एक जरा मोठी पाहिजे. पाव्हण्याची." मी समानतेचे तत्त्व समजावले. तो म्हणाला, "तत्त्व बराबर हाय, पर रुसतेत ना लोक." बाहेरून येणाऱ्या टीमचा एवढा मान. मला भरून आले.

२३ सप्टेंबर

ऐकून केलेले बदल:

पाहुण्यांची चेंजिंग रूम थोडी मोठी. दोन्हीकडे गरम पाण्याची सोय आणि मोठा आरसा. गावाचा आग्रह.

एका टोकाला स्टेज. बक्षीस वाटायला उंच जागा लागते, हे मुख्याध्यापक आणि शेषेराव दोघेही म्हणाले. दोघे एकमताने काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ, असे मुख्याध्यापक नंतर हळूच म्हणाले.

मागच्या बाजूला फरशीची मोठी मोरी आणि नळ. हे केवळाबाईंचे. खेळून आल्यावर हातपाय धुवायला. हातपाय शब्द त्यांचा नाही, माझा. त्या नुसत्याच "धुवायला" म्हणाल्या. मी नळ वाढवून दिले.

रेणुका मॅडमनी एकच विचारले, कडी आतून आहे ना? आहे.

२९ सप्टेंबर

जेवणाच्या टेबलावर प्लॅन पसरला होता. शिल्पा भाजी ठेवायला जागा शोधत होती. तिने एकदा पाहिले आणि विचारले, "नवरदेवाची खोली कोणती? ही मोठी?"

मी म्हणालो, ही व्यायामशाळा आहे.

ती म्हणाली, "बरं. मग स्टेजवर खुर्च्या दोनच ठेवायच्या का आईवडिलांच्या पण?"

मी जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

३० सप्टेंबर

दिवसभर ऑफिसात प्लॅन समोर ठेवून बसलो. जानोसा. लग्नाच्या माणसांना उतरायच्या दोन खोल्या, एक वराकडची, एक वधूकडची. मागे भांडी घासायची मोरी. समोर मारुती, म्हणजे नवरदेवाला पाया पडायला चार पावले. मी फक्कीने मंगल कार्यालय आखले आणि गावाने त्यात पंगत बसवून पाहिली.

मी फसलो का? की मला फसायचे होते? टाळ्या चालू असताना माझ्या मनात शंका आली होती काय? प्रामाणिकपणे लिहायचे तर, अडीचशेला आली होती. पण तेव्हा फार छान वातावरण होते.

ठरले. रविवारी जाऊन स्पष्ट बोलायचे.

६ ऑक्टोबर

स्पष्ट बोललो. शेषेराव शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "साहेब, लग्नं लावायची मनून कोन म्हनलं? व्यायामशाळाच हाय ती. पर समजा, एकांद्या गरिबाच्या लेकीचं लगीन हाय, आभाळ फाटलंय, मांडव उडालाय, आन् समोर एवढा मोठा हॉल कुलूप लावून उभा हाय. तुमी सांगा. न्हाई मनायचं का?"

मी विचार केला. खूप बाजूंनी केला. नाही म्हणायचे कसे? मी म्हणालो, अपवाद म्हणून. ते म्हणाले, "अपवादच! लिवून घ्या की. आमाला काय रोज लग्नं लावायचा नाद हाय का?" लिहून घेतले.

परत येताना एसटीत सुचले. बोलून जे होत नाही ते डिझाइनने करायचे. लग्नाला अडचण होईल आणि खेळाला सोय होईल असे घटक घालायचे. फरशीवर कोर्टाच्या रेघा कायमच्या, भडक पिवळ्या. जमिनीत व्हॉलीबॉलच्या खांबांची सॉकेट. समोरच्या भिंतीवर मोठा विजेचा स्कोअरबोर्ड. खिडक्या उंच. अशा हॉलमध्ये लग्न लावायची कोणाला इच्छा होईल?

बऱ्याच दिवसांनी हलके वाटले.

१२ ऑक्टोबर, दसरा

भूमिपूजन. पुढच्या आठवड्यात आचारसंहिता लागेल म्हणून घाई. नारळ फोडला. बँड होता. बँडवाल्याने मला विचारले, "आतमंदी आवाज घुमंल का वो?" मी मुद्दाम सांगितले, फार घुमेल. तो खूश झाला.

१९ जानेवारी २०२५

पुन्हा खंड. निवडणूक, मग वाळू नाही, मग वाळू आहे पण ट्रॅक्टर नाही. कॉलम जोत्यावर आले. शिवांगी शाळा सुटल्यावर बांधकाम बघायला येते. तिने विचारले, "सर, दार कुठं येनार?" दाखवले. ती दाराच्या जागेत उभी राहिली, नसलेले दार लावले आणि नसलेली कडी घातली. मग मैत्रिणीकडे बघून हसली.

तिच्या वडिलांनी वर्षभर मुदत दिली आहे. हॉल झाला तर खेळू दे म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "बघा सर. वडिलांनी मुदत पोरीला दिली नाही, तुम्हाला दिलीय."

४ मे

छताचा लोखंडी ट्रस चढला. पत्रे पुढच्या आठवड्यात. ऊन असे की सळईला हात लाववत नाही. सॉकेट बसवताना शेषेराव स्वतः उभे होते. किती जाड खांब बसेल, विचारले. खेळातली रुची वाढते आहे. मन साशंक ठेवायचे असे ठरवले होते, पण माणसावर किती दिवस संशय घ्यायचा?

२४ ऑगस्ट

पावसाने काम लांबले, आता संपत आले. आज शाळा आणि गाव यांची संयुक्त समिती बसली. विषय: वेळा कशा वाटायच्या. हा विषय मी मागून घेतला होता, कारण भांडण इथेच होते. आठवडाभर विचार करून एकाही पक्षावर अन्याय होणार नाही असे वेळापत्रक नेले. शाळेच्या वेळेत शाळा. शाळा सुटल्यावर, रविवारी आणि सुटीत गाव. एका ओळीत सगळे. इतके स्वच्छ की मुख्याध्यापकांनाही कळले. शेषेराव म्हणाले, "ह्याला मनतेत न्याय." एकमताने मंजूर, सह्या झाल्या.

रेणुका मॅडमनी हात वर केला होता, पण तेवढ्यात चहा आला. मी कप त्यांच्याकडे सरकवला. बहुधा आभार मानायचे असतील. उद्या फोन करून विचारावे.

२७ ऑगस्ट

फोन राहिला.

५ ऑक्टोबर

उद्घाटन. भाषणात मी तीनदा "खेळ" म्हणालो आणि दर वेळी शेषेरावांकडे पाहिले. ते दर वेळी मान हलवत होते. एका ट्रस्टने मुलींसाठी कबड्डीची मॅट दिली. निळी आणि तांबडी, तुकडे एकमेकांत अडकणारी. मुलींनी ती जोडली आणि कोणी पाय ठेवायला तयार होईना. शेवटी शिवांगीने चप्पल काढून एक पाय ठेवला आणि म्हणाली, "लई मऊ हाय वो मॅडम. ह्याच्यावर पडायची मजा येईल."

९ ऑक्टोबर

संध्याकाळी मुद्दाम गेलो. दार आतून बंद होते. भिंतीवरची माणसे उठून घरी गेली होती, बघायला काही उरले नव्हते. मी बाहेर उभा राहिलो. आतून "कबड्डी कबड्डी" एका दमात, मग धप्प, मग हसणे. मुली एवढ्या मोठ्याने हसतात हे मला माहीत नव्हते.

दार वाजवले नाही. माझी इमारत आहे, पण आत जाण्याचे मला काही कारण नव्हते. हे लिहिताना बरे वाटते.

१ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीतही रोज प्रॅक्टिस. शिवांगीच्या वडिलांनी तिला नवे बूट आणले. शेषेरावांनी या दिवसांत एकदाही हॉल मागितला नाही. शिल्पाला मुद्दाम सांगितले, बघ, तू गावकऱ्यांवर उगाच संशय घेतलास. ती म्हणाली, "तुळशीचं लग्न होऊ द्या."

२० नोव्हेंबर

पहिले लग्न. मला आमंत्रण होते, पहिल्या ओळीत खुर्ची. गरिबाची लेक नव्हती. आभाळही स्वच्छ होते.

माझे लग्नविरोधी घटक सगळे वापरात आहेत. सॉकेटमध्ये मांडवाचे खांब बसले, जराही हलले नाहीत. स्कोअरबोर्डवर एका बाजूला चि., दुसऱ्या बाजूला चि. सौ. कां., आणि मधे घड्याळ उलटे पळत होते, मुहूर्ताला किती वेळ उरला ते. शून्य झाले की भोंगा वाजतो. भोंग्यावर अक्षता पडल्या. उंच खिडक्यांमुळे फोटोत उजेड मऊ येतो, असे फोटोग्राफर खास येऊन सांगून गेला. पंगती कोर्टाच्या पिवळ्या रेघांवर बसल्या. एक वाढपी वरणाची बादली घेऊन बोनस लाइनवरून गेला आणि म्हणाला, "साहेब, जिंदगीत पहिल्यांदा सरळ पंगत बगितली. रेघ मारून ठिवली हे लई ब्येस केलं."

मॅटचे तुकडे सुटे करून कोपऱ्यात रचले होते. त्यांना टेकून आहेराचे डबे होते.

२३ नोव्हेंबर

रेणुका मॅडम नांदेडला ऑफिसात आल्या. तिथीमागून तिथी लागली आहे. संध्याकाळी एक तर लग्न असते नाहीतर उद्याच्या लग्नाची तयारी. मुली परत मैदानावर, आणि माणसे परत भिंतीवर.

मी म्हणालो, वेळापत्रक आहे ना, शाळेचा हक्क आहे ना.

"सर, आमची प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर असते," त्या म्हणाल्या. "शाळेच्या वेळेत गणित असतं."

मी वेळापत्रक काढून वाचले. शाळा सुटल्यावर, रविवारी आणि सुटीत गाव. माझेच अक्षर. सोपे, सुवाच्य.

मी म्हणालो, त्या दिवशी बोलायचं ना मॅडम.

"हात वर केला होता सर. तुम्ही मला चहा दिला."

७ डिसेंबर

समितीपुढे दुरुस्ती मांडली: मुलींच्या टीमला रोज संध्याकाळ. शेषेराव म्हणाले, "साहेब, वेळापत्रक तुमीच केलं, आमी निस्त्या सह्या केल्या. आता तुमीच मोडा मनता. मंग आमी कोनाच्या न्यायावर चालावं?"  उत्तर मला सुचले होते, पण त्यांचा मुद्दाही नाकारता येईना. केवळाबाई म्हणाल्या, "पोरींचं काय, त्या कुटं बी खेळत्यात. लगीन कुटं बी लागत न्हाई."

दुरुस्ती पुढच्या बैठकीवर.

१८ जानेवारी २०२६

अखेर एक विजय. किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या मुलींची टीम सामन्याला येणार आहे. रविवार, २२ फेब्रुवारी. एका निवासी प्रशिक्षण केंद्राच्या मॅडम सामना बघून दोन मुली निवडणार आहेत. राहणे, जेवण, शिक्षण, कोचिंग, सगळे तिकडे. शिवांगी दहावीत आहे. तिच्या वडिलांनी सांगून टाकले आहे, निवड झाली तर जाऊ देतो, नाही झाली तर दहावी झाल्यावर खेळ बंद.

रविवार गावाचा. म्हणून मी स्वतः शेषेरावांकडे जाऊन तो एक दिवस मागितला. लेखी घेतला. ते म्हणाले, "दिला. तुमच्या नावानं दिला. त्या दिवशी हॉलचे मालक तुमी." रेणुका मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, नक्की ना?" मी म्हणालो, माझ्या नावाने आहे.

१ फेब्रुवारी

लातूरहून मेहुण्यांचा फोन. त्यांच्या मुलीचे ठरले. मुलाकडचे लोक लोह्याकडचेच, त्यांना तारीख एकच पटली, २२. त्या दिवशी लातुरात एकही कार्यालय मोकळे नाही, नांदेडातही नाही. मेहुणे म्हणाले, "दाजी, तुमच्या हॉलची तारीफ मुलाकडच्यांनी ऐकलीय. भोंगा वाजतो म्हणे. शेषेरावांना विचारलं तर म्हणाले, त्या दिवशीचे मालक तुमचे दाजीच हायेत."

मी म्हणालो, त्या दिवशी सामना आहे.

शिल्पा समोर बसली होती. या सगळ्या प्रकरणात ती पहिल्यांदाच काही बोलली नाही.

३ फेब्रुवारी

बाजू मांडून पाहतो. एकीकडे दिलेला शब्द. दुसरीकडे भाचीचे लग्न, जे अडले तर मोडू शकते. नाही म्हणायचे तर मी नक्की कशाच्या बळावर म्हणतो? माझ्या नावाने मिळालेला दिवस मी माझ्या माणसांना नाकारला, तर तो तत्त्वनिष्ठपणा की मिरवणे? आणि दिला, तर काय?

दोन्ही होऊ शकते. सामना सकाळी, लग्न दुपारी. मधे मोकळा वेळ भरपूर. इमारत संयुक्तच तर आहे.

८ फेब्रुवारी

मिनिटामिनिटाचा कार्यक्रम आखला. किनवटच्या मुली सकाळी लवकर. सामना. निवड. मॅट उचलणे. मग वऱ्हाड. मेहुणे हो म्हणाले, मुलाकडचे हो म्हणाले, शेषेराव हो म्हणाले. रेणुका मॅडम बराच वेळ कागद बघत होत्या. म्हणाल्या, "सर, ह्यात लग्नातली माणसं वेळेवर येतात असं धरलंय." मी म्हणालो, उशिरा आली तर आपल्याला उलट जास्त वेळ मिळेल. त्यांना हसू आले. विश्वास बसला असावा.

२२ फेब्रुवारी, हिवरगव्हाण

वऱ्हाड उशिरा आले नाही. आदल्या रात्रीच आले. लग्नघरची माणसे जानोसा रिकामा आहे म्हटल्यावर घरी कशाला थांबतील? मी सकाळी पोचलो तेव्हा दोन्ही चेंजिंग रूममध्ये आंघोळी चालू होत्या आणि मॅटवर नाश्त्याची पंगत बसली होती. मॅडमनी मुलींकडून सामन्यासाठी आदल्या संध्याकाळीच मॅट जोडून घेतली होती. मेहुणे म्हणाले, "दाजी, काय व्यवस्था केलीत! खाली मऊ अंथरूण सुद्धा!"

मी म्हणालो, हे उचलायला हवे, सामना आहे. ते म्हणाले, "हो हो, एवढी पंगत उठू द्या." ती उठली, दुसरी बसली. मला कोणीतरी खुर्चीत बसवले आणि फेटा बांधायला घेतला. फेटा बांधताना मान हलवता येत नाही.

फेटा बांधून बाहेर आलो तेव्हा किनवटची जीप उभी होती. मुली उतरून ओळीत थांबल्या होत्या, टी-शर्ट इस्त्रीचे. प्रशिक्षण केंद्राच्या मॅडमही आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला आणि विचारले, "मुलीचे वडील का?"

मैदानात खेळावे तर तिथे गाड्या आणि आचाऱ्यांच्या चुली. मी शेषेरावांकडे गेलो. ते म्हणाले, "आज मालक तुमी साहेब. तुमी म्हनला तर पंगत उठवतो." खरोखर म्हणाले. माझ्या एका शब्दाची गोष्ट होती. पंगतीत भाचीच्या सासरची म्हातारी माणसे बसली होती, पहिला घास हातात होता. मी म्हणालो, ही होऊ द्या.

मग मुहूर्त जवळ आला. मग भोंगा. मग मोठ्या पंगती.

वाढपी कमी पडले. केवळाबाई म्हणाल्या, "ह्या पोरी रिकाम्या उभ्या हायेत की." किनवटच्या मुलींना पाहुण्या म्हणून बसवले, शाळेच्या मुलींच्या हातात बादल्या दिल्या. शिवांगी नव्या बुटांनिशी उभी होती. बूट काढून वरण वाढायला लागली. पिवळ्या रेघेवरून वाकून, वळून, दोन ओळींच्या मधून, कोणाच्या ताटाला पाय न लावता. एक बाई म्हणाली, "काय चपळ पोरगी हाय! कोनाची हाय वो? धाकट्यासाठी बघाया पाहिजे." शेजारी प्रशिक्षण केंद्राच्या मॅडम जेवत होत्या. त्याही म्हणाल्या, चपळ आहे.

मी लगेच खाली वाकलो. म्हणालो, मॅडम, हीच कप्तान. मग निवड?

"खेळताना बघावं लागतं सर," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बोलवा." पुढच्या वर्षी शिवांगी शाळेत नाही. त्यांना ब्लाउजपीस आणि नारळ देऊन निरोप दिला. शिल्पाने दिला, माझा हात पुढे झाला नाही.

किनवटच्या मुली निघताना पाया पडल्या. त्यांची कप्तान म्हणाली, "जेवण लई भारी होतं सर." मनापासून म्हणाली.

रेणुका मॅडम शिवांगीला बूट घालायला सांगत होत्या. मी जवळ गेलो. मी म्हणालो, मॅडम, पुढच्या महिन्यात मी स्वतः... त्यांनी मधेच विचारले, "सर, तुम्ही जेवलात का?"

मी म्हणालो, नाही.

"जेवून घ्या. पंगत उठेल."

शिवांगीचे वडील तिला न्यायला आले होते. त्यांनी हॉल पाहिला, फेटा पाहिला, मला रामराम केला.  ती गाडीवर मागे बसली आणि गेली. सांगायचे तर मी तिच्यासमोर शब्द दिला होता. तिने मात्र जाताना माझ्याकडे पाहिले की नाही, ते फेट्याचा शेव डोळ्यावर आल्यामुळे सांगता येत नाही.

तत्त्वतः पाहिले तर आज पहिल्यांदाच शाळा आणि गाव एका वेळी इमारतीत होते. हे वाक्य खोडून टाकावे का? राहू दे.

उद्या: मॅटवरचे वरणाचे डाग कशाने निघतात, ते विचारणे.